मिडवाइफचं १ लाख ४० हजारांचं पॅकेज: घ्यावं का, आणि पैसे कुठून काढावेत?

प्रश्न: वय २९, पुण्यात राहते, पहिलं बाळंतपण, चौदावा आठवडा चालू आहे. मी घरून डिझाइनची फ्रीलान्स कामं करते, महिन्याला सरासरी ३५,००० मिळतात. नवऱ्याचा हातात येणारा पगार ८५,०००. भाडं २४,०००, गाडीचा हप्ता ११,०००, घरखर्च ४२,०००, एसआयपी १५,०००. साडेतीन लाखांची एफडी आहे, अडीअडचणीला तेवढीच. मला नर्स-मिडवाइफ (बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित नर्स) चालवतात अशा प्रसूती केंद्रात जायचंय. पॅकेज १,४०,०००: आतापासूनच्या तपासण्या, बाळंतपण, एक दिवसाचा मुक्काम, नंतर घरी दोन भेटी. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या वेगळ्या. नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीत मॅटर्निटीला नॉर्मलसाठी ५०,००० आणि सिझेरियनसाठी ७५,००० मिळतात. पॉलिसीच्या यादीतलं हॉस्पिटल नॉर्मलचे ९०,००० आणि सिझेरियनचे १,६०,००० सांगतं. एफडी मोडू, एसआयपी थांबवू की केंद्राची बिनव्याजी ईएमआय घेऊ? एजंट नवी मॅटर्निटी पॉलिसी घ्यायला सांगतोय, आणि आई म्हणते सरळ सांगलीला ये.

उत्तर: तुम्ही पॅकेज घ्या, परवडेल. मात्र पैसे एकदम भरू नका, आणि एफडीला हात लावू नका.

आधी हिशेब. हॉस्पिटलमध्ये नॉर्मल झालं तर पॉलिसी वजा जाता तुमच्या खिशातून ४०,००० जातील, सिझेरियन झालं तर ८५,०००. दर भेटीची फी मिळून आणखी दहाएक हजार धरा. म्हणजे ५०,००० ते ९५,०००. केंद्रात सगळं सुरळीत झालं आणि क्लेम मिळाला नाही, तर १,४०,०००. आता तिसरी शक्यता, जी माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते: कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके उतरले, मिडवाइफने हॉस्पिटलला हलवलं आणि तिथे सिझेरियन झालं. केंद्राने परतावा दिला नाही, तर १,४०,००० अधिक ८५,०००, एकूण सव्वादोन लाख. हलवणं ही चांगल्या मिडवाइफची खूणच आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. पण ते बिल कोण भरणार हे आधी ठरलेलं असावं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातल्या खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. हे आकडे दाखवून कुणी ‘मिडवाइफकडे गेलात की सिझेरियनचा खर्च वाचला’ म्हणालं तर तेवढ्यावर भुलू नका. मिडवाइफ मुळात कमी जोखमीच्याच बायका घेतात, त्यामुळे ही तुलना सरळ होत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच मिडवाइफची देखरेख असेल तर नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण वाढतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलंय. तुमच्या निवडीला तो आधार पुरेसा आहे. पैसे वाचतील या आशेवर मात्र ही निवड करू नका. तो तुमच्या पसंतीचा खर्च आहे आणि तसा तो करायला हरकत नाही.

आता पैसे केव्हा भरायचे. गरोदरपणाचं वेळापत्रक इथे कामाला येतं. अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या व्यंगांची सोनोग्राफी होते. चोवीस ते अठ्ठावीसमध्ये साखरेची चाचणी. वार (प्लॅसेंटा) खाली सरकलेली निघाली, साखर किंवा बीपी वाढलं, तर तुम्ही कमी जोखमीच्या गटातून बाहेर पडाल आणि केंद्र स्वतःच तुम्हाला डॉक्टरांकडे पाठवेल. मग चौदाव्या आठवड्यात पूर्ण १,४०,००० कशासाठी द्यायचे? तीन टप्पे मागा: थोडी रक्कम आता, थोडी साखरेच्या चाचणीनंतर, उरलेली छत्तिसाव्या आठवड्यात. प्रत्येक टप्प्याला बाहेर पडावं लागलं तर किती परत, आणि कळा सुरू झाल्यावर हलवलं तर किती परत, हे लेखी घ्या. ‘बघू ना ताई, आपण समजून घेऊ’ असं उत्तर आलं तर ते पॅकेज नको.

ईएमआय नको ती याच कारणासाठी. बिनव्याजी हप्त्यांत सहसा मध्ये एखादी वित्तसंस्था असते. केंद्र सोडावं लागलं तरी हप्ते त्या संस्थेला जातच राहतात आणि परताव्यासाठी तुम्ही दोघांच्या मध्ये फिरत बसता.

पैसे तुमच्याकडेच आहेत. दोघांच्या १,२०,००० मधून लिहिलेले सगळे खर्च आणि एसआयपी वजा केली तर महिन्याला २८,००० उरायला हवेत. ते कुठे जातात हे पत्रात नाही. बहुतेक जेवणाच्या ऑर्डरी आणि ऑनलाइन खरेदीत विरत असावेत. या महिन्यापासून पगाराच्या दिवशीच २५,००० वेगळ्या खात्यात टाका. बाळंतपणाला अंदाजे सहा महिने आहेत, दीड लाख जमतील. पॅकेज त्यातून फिटलं. सोनोग्राफी-रक्ततपासणी उरलेल्यातून. एफडी शाबूत राहिली ती हलवावं लागलं तर आणि बाळासाठी.

बाळाचं जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात मोठं बिल आईचं नसतं, एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं असतं. एचआरला आजच ईमेल करून तीन गोष्टी विचारा. नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का? असेल तर ते मॅटर्निटीच्या ५०-७५ हजारांतच, की पॉलिसीच्या पूर्ण विमा रकमेपर्यंत? बाळाचं नाव किती दिवसांत नोंदवायचं? दुसऱ्याचं उत्तर ‘त्याच मर्यादेत’ असं आलं, तर एफडीतला एक रुपयाही पॅकेजकडे वळवू नका.

चौथा प्रश्न विमा कंपनीला: या केंद्राचं बिल मान्य होईल का? पॉलिसीतली हॉस्पिटलची व्याख्या ठरलेली आहे. संस्था संबंधित कायद्याखाली नोंदलेली हवी. नसेल तर पुण्यासारख्या शहरात किमान १५ खाटा, चोवीस तास डॉक्टर आणि नर्स, ऑपरेशन थिएटर असं सगळं हवं. तीन खोल्यांचं केंद्र खाटांच्या अटीत बसणार नाही, पण महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र असेल तर क्लेम मागता येतो. प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या. तिथेच मिडवाइफच्या नोंदणीचीही चौकशी करा: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नर्स आणि मिडवाइफ अशी नोंद असते. ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हा केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतला दीड वर्षाचा अभ्यासक्रम त्यांनी केला असेल तर उत्तमच. डूला वेगळ्या, त्या धीर देतात, बाळंतपण करत नाहीत.

एसआयपी आत्ता थांबवू नका, बाळंतपणाच्या महिन्यापासून थांबवा. फ्रीलान्सरला भरपगारी रजा नसते. तुमचे ३५,००० बंद झाले की ८५,००० मधून भाडं, हप्ता, घरखर्च जाऊन ८,००० उरतात. एसआयपी चालू ठेवली तर महिना ७,००० नी तुटेल. वर लंगोट, लसी, मालिशवाल्या मावशी आहेतच. सहा-आठ महिने विराम, मग पुन्हा सुरू. खरं सांगायचं तर पॅकेजपेक्षा हे सहा महिने महाग आहेत: ३५,००० च्या हिशेबाने दोन लाख दहा हजार.

इथे आईंचं म्हणणं उपयोगी पडतं. बाळंतपण पुण्यात करा आणि नंतर दोन महिने सांगलीला जा. घरखर्च कमी होईल, मावशीही बहुधा आईच्या ओळखीची निघेल. घरच्या दोन भेटी होणार नसतील तर तेवढे पैसे पॅकेजमधून कमी करून मागा.

एजंटला नाही म्हणा. मॅटर्निटीला प्रतीक्षा काळ असतो, अनेकदा नऊ महिने ते काही वर्षं. आधीच असलेलं गरोदरपण त्यात येत नाही. नोकरीवर अवलंबून नसलेली साधी फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच आरोग्य विमा) मात्र पुढच्या वर्षी घ्या, बाळासकट.

केंद्र पुढे ‘स्त्री-आरोग्य’ वार्षिक सभासदत्व देऊ करेल, बरीच केंद्रं करतात. घेऊ नका. गर्भाशयमुखाची तपासणी दरवर्षी लागत नाही, सरकारी कार्यक्रमात ती तिशीपासून पाच वर्षांनी एकदा आहे. तांबी बसवायची असेल तर सरकारी दवाखान्यात मोफत बसते आणि ३८०-ए प्रकारची दहा वर्षं चालते. लागेल तेव्हा फी भरून जा.

हलवायची वेळ आली तर कोणत्या हॉस्पिटलला नेणार, हेही केंद्राकडून आत्ताच ठरवून घ्या. ते तुमच्या पॉलिसीच्या यादीतलंच असेल असा आग्रह धरा आणि छत्तिसाव्या आठवड्याच्या आधी तिथे एकदा नाव नोंदवून फाइल उघडून ठेवा. त्या एका भेटीची फी भरावी लागेल, ती भरा.