सुपर कबला स्लॉटवाले नवे पंख बसवावेत का?

तुमचं विमान पायपर सुपर कब, पीए-१८-१५०, म्हणजे कापडाने मढवलेलं छोटं दोन आसनी विमान. अलास्कात नदीपात्रातल्या गोट्यांच्या पट्ट्यांवर तुम्ही ते उतरवता. पंखांवरचं कापड बदलायची वेळ आली आहे, आणि जुनेच पंख पुन्हा मढवावेत की लांब फ्लॅपचे (फ्लॅप म्हणजे मागच्या कडेची खाली झुकणारी पट्टी), पुढच्या कडेला स्लॉट म्हणजे लांब फट असलेले तयार पंख घ्यावेत, असं तुम्ही विचारलं आहे. मी अलास्कातच अशा विमानांची दुरुस्ती करतो आणि ती उडवतोही. हे पंख मला मनापासून आवडतात. तरीही पैसे भरण्याआधी विमानाची चाकं आणि वजन बघा, असंच मी सांगेन.

कारण असं. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन वाढवत नेला की साधारण १५-१६ अंशांवर वरच्या पृष्ठभागावरची हवा सुटते आणि स्टॉल येतो, म्हणजे उचल कोसळते. पुढच्या कडेमागे स्लॉट असला की खालची हवा त्या फटीतून जोरात वर येते आणि सुटू पाहणाऱ्या हवेला आणखी काही अंश धरून ठेवते. जर्मनीत लाखमान आणि ब्रिटनमध्ये हँडली पेज या दोघा विमानतज्ज्ञांना ही कल्पना पहिल्या महायुद्धाच्या आसपास स्वतंत्रपणे सुचली. १९३६ साली उडालेल्या फीझलर श्टॉर्ख या जर्मन विमानाच्या नावलौकिकात तिचा मोठा वाटा आहे. पण एक गोष्ट सहज निसटते. त्याच कोनात स्लॉट फारशी जादा उचल देत नाही. तो फक्त पंखाला विसाच्या पुढच्या कोनापर्यंत जाऊ देतो. म्हणजे जादा उचल हवी असेल तर नाक तितकं वर न्यावंच लागतं.

आता विमान जमिनीवर पुढची दोन आणि शेपटीचं एक अशा तीन चाकांवर उभं आहे असं समजा. पंखाचा कोन तेव्हा चाकांच्या पायांची उंची आणि टायरचा आकार ठरवतो. मूळ पाय आणि लहान टायर असतील तर तो कोन नव्या पंखाच्या स्टॉलच्या कोनापेक्षा बराच कमी भरतो. एका ओळखीच्या विमानाला असे पंख बसवले होते, खाली मात्र सगळं मूळचंच होतं. ते मी पहिल्यांदा उतरवलं तेव्हा पंख उडतच राहिला. मी नाक उचलत गेलो आणि शेपटीचं चाक आधी टेकलं. मग पुढची चाकं वरून आपटली. विमान धड राहिलं, पण मागच्या स्प्रिंगचा बोल्ट वाकला होता. त्या विमानाला नव्या पंखांचा खरा फायदा घेताच येत नव्हता.

म्हणून हँगरमध्ये विमान सपाट जमिनीवर उभं करा, पंखाच्या मुळाशी रिबखाली (पंखाला आकार देणाऱ्या फासळीखाली) कोनमापक लावा आणि आकडा लिहून ठेवा. पुढची चाकं सहा इंचांनी उचलली तरी दोन अंशांपेक्षा कमीच मिळतात, कारण शेपटीपर्यंतचं अंतर मोठं आहे. लांब पाय आणि ३१ इंची टायर मिळून फरक जाणवण्याइतका होतो. पण त्यांचं वजन आणि ओढ (हवेचा अडथळा) तुम्हाला वर्षभर वाहावी लागते. तुमच्याकडे ते आधीच असतील तर निम्मं काम झालेलं आहे.

वजनाबद्दल थोडं कठोर बोलतो. या विमानाचं पुस्तकातलं कमाल एकूण वजन १७५० पाउंड, पंखाचं क्षेत्रफळ १७८.५ चौरस फूट आणि फ्लॅप पूर्ण खाली असताना स्टॉल ताशी ४३ मैलांवर. टोकं चौकोनी करून क्षेत्रफळ ५ टक्क्यांनी वाढवलं, तरी स्टॉलचा वेग जेमतेम एका मैलाने उतरतो, कारण तो वर्गमुळाने बदलतो. स्लॉट आणि फ्लॅप मिळून कमाल उचल २० टक्क्यांनी वाढली तर ४३ चे ३९ होतात. ही वाढ मोठी आहे, मी ती कमी लेखत नाही. पण विमानातून १० टक्के वजन काढलं तरी स्टॉल ४१ वर येतो. मागची जड सीट, दुसरी बॅटरी, कधीच न वापरलेली हत्यारांची पेटी, आतले रंगाचे जुने थर हे सगळं काट्यावर चढवून बघा. आणि उतरताना समोरून ताशी १० मैलांचा वारा असेल, तर जमिनीवरची धाव सुमारे ४० टक्क्यांनी घटते. तो वारा फुकट मिळतो.

मग हे पंख घ्यायचे कशासाठी? माझ्या दृष्टीने त्यांचं खरं मोल एलेरॉनमध्ये, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांच्या टोकाकडच्या पट्ट्यांमध्ये आहे. एलेरॉनपुढेही स्लॉट असेल तर मंद वेगात, पंख स्टॉलच्या काठावर असतानाही, काठी डावी-उजवीकडे दिली की विमान ऐकतं. साध्या पंखात याच क्षणी एक बाजू खाली पडते. इथे माणसं मरतात ती फक्त उतरताना नव्हे, तर खाली दिसलेल्या मूसभोवती (मोठ्या हरणाभोवती) किंवा केबिनभोवती वळतानाही. ६० अंशांच्या तिरक्या वळणात स्टॉलचा वेग ४१ टक्क्यांनी चढतो. नव्या पंखांचे ३९ सुद्धा तिथे ५५ होतात. पंख बदलल्यावर माणूस नकळत आणखी हळू, आणखी खाली वळू लागतो, आणि मिळालेलं सगळं संरक्षण तिथेच खर्च होतं. हे मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

दुसरा धोका उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यातला. मोठ्या कोनात ओढ प्रचंड असते, विमान इंजिनाच्या जोरावर लटकलेलं असतं. तेव्हा थ्रॉटल बंद केलंत तर ते दगडासारखं खाली येतं, आणि चाळीस फुटांवर इंजिन गेलं तर नाक उचलून सावरायला वेगच शिल्लक नसतो. थंडीत स्लॉटच्या फटीत आतपर्यंत दव गोठतं, वरवर पुसून ते निघत नाही. पंखांवर आवरणं घालाच.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. तुमचं विमान प्रमाणित आहे, त्यामुळे पंखांना एसटीसी (मूळ रचनेतल्या बदलाची सरकारी मंजुरी) हवी, काम मोठा बदल म्हणून फॉर्म ३३७ वर नोंदवलं जायला हवं आणि त्यावर आयए (तपासणीचा) अधिकार असलेल्या मेकॅनिकची सही हवी. एसटीसी-धारकाचं लेखी परवानगीपत्र तुमच्या विमानासाठी लागतं, म्हणून कोणाचे वापरलेले पंख स्वस्तात मिळत असतील तर आधी ते पत्र मागा. विमानावर आधीच भारवाढीची किंवा व्हॉर्टेक्स जनरेटरची (हवा धरून ठेवणाऱ्या, पंखावर चिकटवायच्या छोट्या पात्यांची) एसटीसी असेल, तर ती नव्या पंखांशी जुळते का हे ठरवणं बसवणाऱ्याची जबाबदारी असते. हा प्रश्न ऑर्डर देण्याआधी विचारा, पंख दारात आल्यावर नव्हे.

पंख उतरवलेत की सांगाड्यावरची त्यांची जोडणीची ठिकाणं आणि स्ट्रट (पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरक्या नळ्या) नीट तपासा. स्ट्रट आतून गंजतात, त्याबद्दल एफएएचा (अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाचा) सक्तीचा आदेश आहेच. जुन्या अपघातात सांगाडा किंचित वाकला असेल तर नवे, सरळ पंख त्यावर कधीच नीट बसणार नाहीत, आणि मागच्या स्ट्रटचा फोर्क (टोकाचा जोड) फिरवून पंखाचा पीळ जुळवताना तुमचे दिवस जातील.

तुमच्या वर्णनावरून तुम्ही बहुतेक एकटे, हलके उडता आणि पट्टे हजार फुटांहून लांब आहेत. तसं असेल तर या वर्षी जुनेच पंख मढवा, व्हॉर्टेक्स जनरेटर लावा आणि वजन उतरवा. शिकारीच्या मोसमात मांस लादून आखूड पट्ट्यांवरून निघायचं असेल तर स्लॉटवाले पंख लांब पायांसकट घ्या. मग पहिल्या दिवशी पट्ट्याकडे जाऊ नका. ३,००० फुटांवर जा, आधी रिकाम्या आणि मग भरल्या विमानाने, फ्लॅपच्या प्रत्येक खाचेवर स्टॉल करा, आणि वेगदर्शकावर दिसलेला वेग व नाकाची उंची वहीत लिहा. एवढ्या मोठ्या कोनात वेगदर्शक चुकीचं दाखवतो, म्हणून नाक क्षितिजाच्या किती वर होतं हीच नोंद तुम्हाला पुढे उपयोगी पडेल.