आमदारांचा पगार, सीईओंचा पगार आणि आपली जळजळ

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमधले निम्मे तरी पगाराचे होते, स्वतःच्या नाही, दुसऱ्यांच्या. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकललेत आणि हा एकच विषय घेतलाय.

प्रश्न: मी पिंपरीच्या एका कंपनीत ३१ वर्षं राबलो. आज मला ईपीएस ९५ ची (पीएफवाल्यांच्या १९९५ च्या पेन्शन योजनेची) पेन्शन महिन्याला २,९०० रुपये येते. आमदार एकदा निवडून आला की जन्मभर ५०,००० घेतो. हे कुठल्या हिशोबात बसतं? आणि समाजसेवाच करायची असेल तर यांना पगार पाहिजेच कशाला? – निवृत्त कामगार, सहकारनगर

काका, तुमचे प्रश्न दोन आहेत आणि माझी उत्तरं उलट्या टोकांची आहेत.

पेन्शनचं म्हणाल तर तुमचं शंभर टक्के बरोबर. तुमची पेन्शन ज्या सूत्रानं निघते त्यात पगार कितीही असला तरी १५,००० च धरतात (तेही २०१४ पासून, त्याआधी ६,५०० च धरायचे), आणि कमीत कमी पेन्शन आहे १,००० रुपये, तीही २०१४ पासून तिथंच अडकलेली. इकडे आपल्या माजी आमदारांना एका टर्मला ५०,००० आणि पाच वर्षांच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला २,००० जास्त, म्हणजे तीन टर्म केल्या की ७०,०००. स्वतःच्या खिशातून यासाठी जवळजवळ काही भरावं लागत नाही, तुम्ही मात्र ३१ वर्षं पीएफ कापून घेतलात. मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले तेव्हा सगळ्यांचं बोट इथंच होतं, की २००५ च्या नोव्हेंबरनंतर नोकरीला लागलेल्या मास्तरला, क्लार्कला जुनी पेन्शन परवडत नाही म्हणायचं आणि आमदाराला मात्र परवडते. याला सभागृहातल्या कुठल्याच बाकावरून धड उत्तर आलं नाही, कारण पेन्शन दोन्हीकडच्या बाकांना मिळते ना! पंजाबनं २०२२ मध्ये कायदा करून 'एक आमदार, एक पेन्शन' आणली, कितीही टर्म केल्या तरी एकाच टर्मची. तिथं आभाळ कोसळलं नाही. लोक कोर्टातही गेले होते, खासदारांची पेन्शन बंद करा म्हणून, पण सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये याचिका फेटाळली, म्हणजे बदल करायचा तर त्यांनीच करायचा. आता कळलं ना अडतं कुठं?

पण पगारच नको, हे मला अजिबात पटत नाही. इंग्लंडमध्ये १९११ पर्यंत खासदारांना पगारच नव्हता, त्यामुळे ज्याच्या घरी जमीनजुमला आहे तोच पार्लमेंटात जायचा, नाहीतर मग ज्याचा खर्च युनियन उचलेल तो. १९११ ला वर्षाला ४०० पौंड सुरू झाले तेव्हा कुठं कामगाराच्या पोराला स्वतःच्या जिवावर तिथं बसता यायला लागलं. आपल्याकडे पुण्याला त्यागाची मोठी परंपरा आहे, गोखल्यांनी फर्ग्युसनमध्ये वीस वर्षं महिना ७५ रुपयांवर शिकवलं आणि ३० रुपये पेन्शन घेऊन बाहेर पडले, त्याच वातावरणात आपण वाढलो म्हणून पुढारी म्हटलं की आपल्याला फकीर हवा असतो. काँग्रेसनंही १९३१ च्या कराची ठरावात सरकारी पगार ५०० रुपयांच्या वर नको म्हटलं होतं आणि १९३७ ला मुंबई प्रांतात खेरांचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा मंत्र्यांना ५०० रुपये पगाराचं बिल आलं. त्यावर विधानसभेत उभं राहून टीका कुणी केली, तर डॉ. आंबेडकरांनी! त्यांचं म्हणणं असं की मंत्र्याचा पगार ठरवताना चार गोष्टी बघा, समाजातलं राहणीमान, माणसाची लायकी, लोकशाही आणि कारभाराची शुचिता. यातल्या लोकशाहीपाशी मी तरी थांबतो. पगार शून्य केला तर निवडणुकीला उभं कोण राहील? बिल्डर, साखर कारखानदार आणि शाळा-कॉलेजवाले. तुमच्यासारखा कंपनीतून रिटायर झालेला माणूस उभा राहू शकणार नाही, आणि मला तोच तिथं बसलेला बघायचाय.

प्रश्न: खासदारांचा पगार एका फटक्यात २४ टक्के वाढला. आमच्या विनाअनुदानित शाळेत दोन-दोन वर्षं इन्क्रिमेंट होत नाही. यांना नक्की मिळतं किती आणि ठरवतं कोण? – शिक्षिका, कोथरूड

ताई, राग बरोबर आहे पण २४ टक्क्यांवर नको, ते सांगतो का. मार्च २०२५ मध्ये खासदारांचा पगार १ लाखाचा १ लाख २४ हजार झाला, आणि तो लागू केला एप्रिल २०२३ पासून, म्हणजे थकबाकीसकट. पण ही वाढ पाच वर्षांची एकदम आहे, वर्षाला मोजली तर पाच टक्क्यांच्या आत येते, महागाईएवढीच. २०१८ ला कायदा बदलून पगार महागाई निर्देशांकाला जोडला, त्यातून हे आलंय आणि माझ्या मते ती त्यातल्या त्यात बरी पद्धत आहे. त्याआधी काय चालायचं बघा, २०१० ला १६,००० चे थेट ५०,००० केले, २०१८ ला ५०,००० चे १ लाख. हात वर करायचे आणि स्वतःचाच पगार तिप्पट!

आता पगाराच्या वर काय, तर मतदारसंघ भत्ता ८७,०००, ऑफिससाठी ७५,०००, अधिवेशनात हजर राहिलं की दिवसाला २,५००, वर्षाला विमानाच्या ३४ फेऱ्या फुकट, रेल्वेचा फर्स्ट क्लास फुकट, दिल्लीत घर, वर्षाला ५०,००० युनिट वीज. मग एकूण आकडा कितीचा धरायचा, हे कुणीच नीट सांगू शकत नाही आणि माझी तक्रार नेमकी ही आहे. पगारावर टॅक्स लागतो, मतदारसंघ भत्त्यावर आणि दैनिक भत्त्यावर लागत नाही. सगळं एकत्र करून, टॅक्स लावून, एक आकडा छापा ना! अडीच लाख द्या, तीन लाख द्या, केंद्राच्या कॅबिनेट सचिवाला नुसता मूळ पगारच अडीच लाख आहे, खासदाराला तेवढा दिला तर माझं काही म्हणणं नाही, पण वीज-पाणी-विमान असे तुकडे करून लपवू नका.

आपल्या आमदारांची तऱ्हा अजून वेगळी. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिवेशन संपता संपता दोन्ही सभागृहांत चर्चेविना बिल पास झालं आणि आमदारांचा पगार प्रधान सचिवांच्या मूळ पगाराला जोडला गेला, आज भत्ते धरून तो महिना अडीच लाखांच्या आसपास जातो. म्हणजे सचिवांचा वाढला की यांचा आपोआप वाढणार, बातमीसुद्धा होणार नाही. एरवी सभात्याग, घोषणाबाजी, राजदंड पळवणं, आणि या बिलाला सगळे एका सुरात हो! इंग्लंडमध्ये २००९ ला खासदारांच्या खर्चाचा घोटाळा बाहेर आल्यावर त्यांचे पगार ठरवायला स्वतंत्र संस्थाच काढली, खासदारांच्या हातात ते ठेवलंच नाही. आपल्या घटनेत कलम १०६ आणि १९५ नुसार हे कायदेमंडळानंच ठरवायचंय, ठीक आहे, पण शिफारस बाहेरच्या आयोगाची घ्यायला घटना कुठं अडवते? सरकारी नोकरांना वेतन आयोग आहे की नाही?

एक सांगायचं राहिलं, तुम्ही पत्रात 'वर्षाला ५ कोटी वेगळे' असंही लिहिलंय. ते त्यांच्या खिशात जात नाहीत हो. तो स्थानिक विकास निधी, खासदारानं किंवा आमदारानं काम सुचवायचं आणि पैसे जिल्हा प्रशासनामार्फत जायचे. बसस्टॉपवर स्वतःच्या फोटोचा फलक लावतात त्यामुळे सगळ्यांनाच वाटतं घरून दिलेत.

प्रश्न: हे सगळे पगार बंद केले तर त्यात आमचा रस्ता होईल का? – त्रस्त दुचाकीस्वार, कात्रज

नाही होणार. हिशोब करा, विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ मिळून ३६६ लोक, महिना अडीच लाख धरले तर वर्षाचे ११० कोटी. राज्याचं बजेट ७ लाख कोटींच्या घरात आहे. म्हणजे १०० रुपयांत दीड पैसा. कात्रज-कोंढवा रस्त्याचं काम २०१८ ला सुरू झालं आणि जागा ताब्यात येईनात म्हणून रखडत राहिलं, ते काही आमदारांच्या पगारामुळे नाही.

आणि पुणेकरांनी तर हा प्रयोग करून बघितलाय. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला वारले, त्यानंतर पोटनिवडणूक घ्याच असं हायकोर्टानं डिसेंबरमध्ये सांगूनही ती झाली नाही, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि जून २०२४ पर्यंत या एवढ्या मोठ्या शहराला खासदारच नव्हता. महापालिकेत तर मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं नगरसेवक नव्हते, सगळं प्रशासकाच्या हातात. नगरसेवकाचं महिन्याचं २०,००० मानधन तेवढं वाचलं. तुमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं तेव्हा फोन कुणाला करायचा हे कुणाला माहीत होतं का, मला सांगा. बिनपगारी पेक्षा बिनमाणसाचा कारभार महाग पडतो.

प्रश्न: राजकारण्यांवर सगळे तुटून पडतात पण आमच्या इंडस्ट्रीत फ्रेशर आजही साडेतीन-चार लाखांच्या पॅकेजवर येतो आणि वर बसलेल्याला कोटींच्या कोटी. त्यावर कोणी का बोलत नाही? – आयटीवाला, हिंजवडी

बोलतात, पण चहाच्या टपरीवर, कारण अप्रेझल जवळ आलेलं असतं.

इन्फोसिसच्या सीईओंना २०२४-२५ मध्ये ८० कोटींच्या वर मिळाले, त्यातला मोठा भाग शेअर्सचा. शेअर वर गेला की आकडा फुगतो म्हणून त्याची रोख पगाराशी थेट तुलना करू नये, एवढं मान्य करू. पण मग शेअर काय एकट्या सीईओनं वर नेला का? रिलीजच्या रात्री जागणारी पोरं कुठं गेली? २००८-०९ च्या आसपास लागलेल्या फ्रेशरचं पॅकेज आणि आजचं जवळपास तेच आहे, दरम्यान हिंजवडीतल्या वन बीएचकेचं भाडं कुठं गेलं ते तुम्हीच मला सांगाल.

तरी आमदार आणि सीईओ एकाच काट्यात मोजू नका. आयपीएलमध्ये ऋषभ पंतला लखनौनं २७ कोटींना घेतलं तेव्हा माझ्या खिशातून काही गेलं नाही, नको असेल तर मॅच बघू नका. सीईओचं या दोघांच्या मधलं असतं, पैसा शेअरहोल्डरांचा, आणि त्यात तुमच्या माझ्या म्युच्युअल फंडाची एसआयपीपण आली. २०१३ च्या कंपनी कायद्यात डायरेक्टरांच्या मोबदल्याला मर्यादा आहे, सगळ्यांचं मिळून निव्वळ नफ्याच्या ११ टक्के आणि एकटा एमडी असेल तर त्याला ५ टक्के, त्याच्या वर जायचं तर शेअरहोल्डरांना विचारायचं. आणि शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीला वार्षिक अहवालात छापावं लागतं की डायरेक्टरचा पगार मधल्या (म्हणजे पगाराच्या क्रमानं लावलं तर बरोबर मधोमध येणाऱ्या) कर्मचाऱ्याच्या किती पट आहे. तुमच्या कंपनीचा अहवाल वेबसाइटवर असेल, जेवणाच्या सुट्टीत ते पान काढून बघा.

विरोध कुणी करत नाही असंही नाही. बुलेट बनवणाऱ्या आयशर मोटर्समध्ये ऑगस्ट २०२१ ला सिद्धार्थ लाल यांच्या फेरनेमणुकीचा ठराव पगाराच्या मुद्द्यावरून शेअरहोल्डरांनी पाडला, मग कंपनीनं पगाराची मर्यादा खाली आणून पुन्हा मत घेतलं तेव्हा पास झाला. घरचीच कंपनी, तरी ऐकावं लागलं. आमदारांच्या पगारावर असं मत द्यायची सोय आपल्याला नाही, हा दोन्हीतला फरक मला जास्त टोचतो.

प्रश्न: सर, इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी विचारते. पगार भरपूर वाढवला तर भ्रष्टाचार कमी होईल का? सिंगापूरचं उदाहरण देतात. – एमपीएससीची विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

सिंगापूरच्या पंतप्रधानांना वर्षाला साधारण २२ लाख सिंगापूर डॉलर मिळतात, म्हणजे आपले १४ कोटींच्या आसपास, आणि तो पगार २०१२ ला कापून एवढा केलेला आहे! तिथला कारभार स्वच्छ मानतात हे खरं. पण तिथलेच माजी वाहतूकमंत्री ईश्वरन यांना मंत्री असताना भेटवस्तू घेतल्याबद्दल ऑक्टोबर २०२४ मध्ये बारा महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे पगार मोठा होता तरी हात गेला, आणि गेल्यावर मंत्रिपद भूषवलेला माणूस असूनही तुरुंगात गेला. इंटरव्ह्यूला सिंगापूर सांगायचंच असेल तर हा दुसरा भाग आधी सांग, तिथली तपास यंत्रणा मंत्र्याला सोडत नाही.

आपल्याकडचं गणित करून बघ. खासदाराचा पाच वर्षांचा पगार १,२४,००० गुणिले ६०, झाले ७४ लाख ४० हजार. लोकसभेच्या उमेदवाराला कायद्यानं खर्चाची मर्यादा आहे ९५ लाख. म्हणजे नियमात राहून खर्च केला तरी तो पगारातून निघत नाही, आणि नियमात कोण किती राहतं ते पेठेत राहतेस तर निवडणुकीत बघितलं असशीलच. हा खड्डा पगार दुप्पट करून बुजणार नाही. गावाकडं बघ, मोठ्या गावच्या सरपंचाचं मानधन २०२४ ला दुप्पट होऊन महिना १०,००० झालं, तिथं मात्र खरंच कमी आहे, दिवसभर ग्रामपंचायतीत बसणाऱ्या माणसाचं त्यात घर चालत नाही. वरती तुकडे जोडून एक आकडा करा आणि खालती वाढवा, असं माझं मत.

तयारीपुरतं अजून एक कर. २००२-०३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांपासून प्रत्येक उमेदवाराला संपत्तीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, निवडणूक आयोगाच्या साइटवर ती असतात. आपल्या मतदारसंघातल्या एकाच माणसाची २०१४, २०१९ आणि २०२४ ची तीन काढ, शेजारी ठेव, मधल्या वर्षांत त्याला मिळालेला सगळा पगार बेरीज करून वजा कर. उरलेल्या रकमेचं उत्तर पॅनेलनं विचारलं तर माझं नाव सांगू नको.