कुठल्या प्रबोधनाविरुद्ध?

प्रश्न असा आला आहे: ‘इंग्रजीतली रोमँटिक कविता ही प्रबोधनाविरुद्धची प्रतिक्रिया होती, असं वाचलं. पण प्रबोधन म्हणजे शेक्सपिअरचा काळ ना? आणि कीट्स तर शेक्सपिअरचा भक्त. मग हे जमतं कसं? शिवाय रोमँटिसिझमला स्वच्छंदतावाद म्हणावं का?’

घोळ कवितेत नाही, आपल्या शब्दात आहे. मराठीत ‘प्रबोधन’ रेनेसान्सलाही म्हणतात, म्हणजे युरोपात कला-विद्यांना आलेल्या नव्या बहराला, आणि एन्लायटनमेंटलाही, म्हणजे बुद्धीला प्रमाण मानणाऱ्या चळवळीला. शेक्सपिअर पहिल्यातला. दुसरं अठराव्या शतकातलं, शास्त्रज्ञ न्यूटन आणि तत्त्वज्ञ लॉक यांच्या पायावर उभं राहिलेलं. १७८४ साली जर्मन तत्त्वज्ञ कांटने ‘स्वतःची बुद्धी वापरायचं धाडस कर’ असं त्याचं ब्रीद सांगितलं. रोमँटिक कवींचं भांडण या दुसऱ्याशी. त्यात आपल्याकडे प्रबोधन म्हटलं की समाजसुधारणा आणि प्रबोधनकार ठाकरेच आठवतात. त्यामुळे प्रबोधनाविरुद्धचे ते सगळे सोवळ्याच्या बाजूचे, असंच मराठी कानाला ऐकू येतं. एन्लायटनमेंटला सरळ ‘ज्ञानोदय’ म्हणावं. शब्द नवा नाही. १८४२ मध्ये अहमदनगरहून अमेरिकन मिशनने याच नावाचं नियतकालिक सुरू केलं होतं.

आता ‘विरुद्ध’ किती विरुद्ध, तेही पाहू. रोमँटिक कवींपैकी शेलीला १८११ मध्ये ऑक्सफर्डमधून काढून टाकलं ते नास्तिकतेवरच्या पत्रकामुळे. हा तर ज्ञानोदयाचाच चेला! दुसरा कवी कोलरिज हा शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या रसायनशास्त्रावरच्या व्याख्यानांना जाऊन बसायचा. बुद्धी नको, असं यांच्यापैकी कुणी म्हणत नव्हतं. जे मोजता येतं तेवढंच खरं, ही मक्तेदारी त्यांना नको होती. कवी ब्लेक मात्र खरोखर चिडलेला होता. ‘एकेरी दृष्टी आणि न्यूटनची झोप’ यांपासून देव आम्हाला वाचवो, असं त्याने १८०२ च्या एका पत्रातल्या कवितेत लिहिलं.

कीट्सच्या ‘लेमिया’ या कवितेतल्या ओळी या संदर्भात हमखास येतात: थंड ‘फिलॉसफी’चा नुसता स्पर्श झाला की सगळी मोहिनी उडून जाते, ती देवदूताचे पंख छाटते, इंद्रधनुष्य उसवून टाकते. इथे मराठीत ‘तत्त्वज्ञान’ लिहिलं की वाचक शंकराचार्यांकडे वळलाच म्हणून समजा. त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द निसर्गविज्ञानालाही चालायचा. न्यूटनच्या ग्रंथाच्या नावात तो याच अर्थाने आहे. इंद्रधनुष्याचे रंग लोलकाने सुटे करून दाखवणारा न्यूटनच, तेव्हा अनुवादात इथे ‘विज्ञान’च हवं. आणि हे लिहिणारा कीट्स लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात शिकून १८१६ मध्ये औषधोपचाराचा परवाना मिळवलेला माणूस होता, हेही ध्यानात असू द्यावं.

भाषेच्या अंगाने बंड झालं ते वर्ड्‌स्वर्थचं. ‘लिरिकल बॅलड्स’ हे कवितांचं पुस्तक आलं १७९८ मध्ये, त्याची गाजलेली प्रस्तावना १८०० च्या आवृत्तीत. सूर्याला सूर्य न म्हणता ‘फीबस’ हे ग्रीक देवाचं नाव घ्यायचं, माशांना ‘परवाली जमात’ अशा थाटाचं काहीतरी, ही अठराव्या शतकातली कवींची रीत. अठराव्या शतकातला कवी ग्रे याच्या एका सुनीताची चिरफाड करून वर्ड्‌स्वर्थने दाखवलं, की त्यातल्या चांगल्या ओळींची भाषा चांगल्या गद्यापेक्षा वेगळी नाही. बाकीचा नुसता साज. आपल्या पंडिती काव्यातल्या ‘दिनकर-भास्कर-सहस्ररश्मीं’ची आठवण मला इथे येतेच.

राहिला ‘स्वच्छंदतावाद’. कोशांत तो आहे, चुकीचाही नाही. पण मराठीत स्वच्छंद म्हटलं की मन मानेल तसं वागणारा डोळ्यांपुढे येतो. वर्ड्‌स्वर्थने पाचशेहून जास्त सुनीतं लिहिली, प्रत्येक मोजून चौदा ओळींचं. त्या चौकटीच्या अडचणीतच बरं वाटतं, असंही एका सुनीतात सांगितलं. याला स्वच्छंद कसं म्हणणार? बरं, ही मंडळी स्वतःला रोमँटिकही म्हणवत नव्हती, ते लेबल नंतरचं. मी तरी ‘रोमँटिक’च लिहितो. वाचकाला बागेतलं जोडपं आठवलं तर एक वाक्य जास्त लिहावं लागतं, एवढंच.