दवा बाजारातून सिरपं आणू नका

ताई, तुम्ही विचारलंत की छोटीला घेऊन इंग्लंडला येताना इंदूरच्या दवा बाजारातून अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम या अँटिबायोटिकची सिरपं किती आणावीत, कारण तिकडचे डॉक्टर नुसतं पॅरासिटामॉल देऊन परत पाठवतात. मीही इंदूरचाच, धाकधूक कळते. तरी सांगतो, एकही बाटली आणू नका.

डॉक्टर इथे टाळाटाळ करत नाहीत, तपासून ठरवतात. आमच्या मुलाचा घसा धरला तेव्हा डॉक्टरबाईंनी बॅटरी लावून टॉन्सिल पाहिले. चोवीस तासांत ताप होता का, टॉन्सिलवर पू आहे का, ते फार सुजलेत का, त्रास सुरू झाल्यापासून तीन दिवसांत आलात का, सर्दी-खोकला नाही ना? प्रत्येकाला १ गुण. ०-१ असेल तर अँटिबायोटिक नाही. ४-५ ला लगेच देऊ शकतात. आमचे झाले २, म्हणून राखीव चिठ्ठी मिळाली: ३ ते ५ दिवसांत उतार पडला नाही किंवा जास्त झालं, तरच औषध घ्या. गरज पडली नाही.

डॉक्टरांवरही लक्ष असतं. २०१४ मध्ये सर्वाधिक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या २० टक्के दवाखान्यांपैकी निम्म्यांना इंग्लंडच्या तेव्हाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांचं पत्र गेलं: तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात. दंड नाही, धमकी नाही. तरी पुढच्या सहा महिन्यांत पत्र न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचं लिहिणं ३.३ टक्क्यांनी कमी भरलं.

नियम आपल्याकडेही आहेत. सेफिक्झिम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आहे. १ मार्च २०१४ पासून मेडिकलवाल्याने डॉक्टर, पेशंट, औषध, किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहून ती ३ वर्षं जपायची. पण ओळखीचं दुकान असलं की ‘भाभी, पाँच दिन दे दो’ म्हणत दुकानदार बाटली हातात देतो. मला याची खरंच भीती वाटते. जंतू औषधाला दाद देईनासे झाले, तर उद्या छोटीला न्यूमोनिया होईल तेव्हा द्यायचं काय?

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. लसीकरणाचं कार्ड आणि कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे ते सोबत ठेवा. सोळा वर्षांखालच्या मुलांना चिठ्ठीवरची औषधं इंग्लंडमध्ये फुकट मिळतात. कान दुखला तर आधी फार्मसीत जा. जानेवारी २०२४ पासून फार्मासिस्टही तपासून गरजेनुसार अँटिबायोटिक देऊ शकतात. रात्री शंका आली तर १११ या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन करा. श्वास घेणं जड जात असेल, पोर सुस्त पडलं असेल किंवा काचेचा पेला दाबूनही अंगावरचे चट्टे फिके होत नसतील, तर थेट ९९९ या आणीबाणीच्या नंबरला.