एस्टिमेट नऊ लाखांचं, बिल चौदा लाखांचं आणि घर अर्धवट

सहकारनगरच्या एका ताईंनी लांबलचक लिहून पाठवलंय, सोबत एस्टिमेट, बिल, बँकेच्या एंट्र्या आणि व्हॉट्सॲपचे ढीगभर स्क्रीनशॉट. थोडक्यात असं, की तीस वर्षं जुन्या बिल्डिंगमधला टू बीएचके, शेजाऱ्यांच्या ओळखीतला इंटिरियर कॉन्ट्रॅक्टर, एस्टिमेट ९ लाख २० हजारांचं. आत्तापर्यंत ७ लाख ८० हजार देऊन झालेत, त्यातले दीड लाख कॅश. किचनच्या ट्रॉल्या बसलेल्या नाहीत, वॉर्डरोबला दारं नाहीत, आणि आता कॉन्ट्रॅक्टरनं १४ लाख ३४ हजार ८८० रुपयांचं बिल पाठवलंय आणि "बाकीचे क्लिअर करा, मग पुढचं काम" म्हणून कारागीर काढून घेतलेत. घरातले सगळे दोन महिने धनकवडीला नणंदेकडे राहतायत. ताई विचारतात, एस्टिमेटच्या वर एक रुपया देणार नाही असं मी ठणकावून सांगू शकते का, आणि मिस्टर म्हणतायत सरळ चारशे वीसची केस टाकू, ते बरोबर आहे का.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही, पण पुढे वाचा, शेवटी जो आकडा निघतो तो आवडेल.

तुमच्या एस्टिमेटच्या दुसऱ्या पानावर सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे, "फायनल बिल प्रत्यक्ष मोजमापानुसार", आणि त्याच्याखाली तुमची सही आहे. म्हणजे ९ लाख २० हजार हा पक्का आकडा नव्हता, अंदाज होता. त्यामुळे "एस्टिमेट म्हणजे एस्टिमेट" एवढ्या एका वाक्यावर लढायला गेलात तर समोरचा वकील ती ओळ वाचून दाखवेल आणि खाली बसेल. पण मोजमाप बदलू शकतं म्हणजे रेट बदलू शकतो असं होत नाही. चौरस फुटाचा जो रेट लिहून सही झाली तो ठरला, १८७२ च्या करार कायद्यात कलम ६२ आहे, करार बदलायचा तर दोघांनी मिळून बदलायचा, एकानं बिल छापून नाही. म्हणून टोटलवर भांडणं आधी बंद करा, तो चौदा म्हणणार तुम्ही नऊ म्हणणार आणि मधलं कुणीतरी साडेअकरावर तोड काढणार, असंच होतं नेहमी. आयटम उघडायचे, एकेक करून.

मी तुमचं बिल उघडून बघितलं. मूळ एस्टिमेट ९,२०,००० जसंच्या तसं धरलंय, त्यावर मटेरियलची भाववाढ १,१०,०००, जादा काम १,८६,०००, झाले १२,१६,०००, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी २,१८,८८०. आता गंमत बघा, मोजमापानुसार बिल म्हणणाऱ्या माणसानं मोजमाप शीट एकही लावलेलं नाही, आणि न बसलेल्या ट्रॉल्यांचे पैसेही त्या ९ लाख २० हजारात पूर्ण लावलेत.

जीएसटी सगळ्यात आधी उडतो. बिलावर जीएसटी नंबरच नाही. नंबर १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो, जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव येतं, दोन मिनिटांचं काम. ज्याचं रजिस्ट्रेशन नाही त्याला गिऱ्हाईकाकडून जीएसटी गोळा करताच येत नाही. आणि त्यानं उद्या नंबर आणून दाखवला तरी एस्टिमेटमध्ये "कर वेगळा" असं कुठेही म्हटलेलं नाही, हा मुद्दा तुमच्याच बाजूचा आहे.

भाववाढ. तो म्हणतो एस्टिमेटवर "रेट ३० दिवस व्हॅलिड" लिहिलंय आणि काम चार महिने चाललं. अहो, ते तीस दिवस तुम्ही हो म्हणण्यासाठी होते, काम संपवण्यासाठी नाही. तुम्ही सहाव्या दिवशी सही करून २ लाख ट्रान्सफर केलेत, तिथे रेट ठरला. प्लाय महागला तर तो त्याच्या धंद्याचा भाग, स्वस्त झाला असता तर तुम्हाला पैसे परत आले असते का? १ लाख १० हजार कट.

जादा कामाच्या १ लाख ८६ हजारात मात्र तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचं उत्तर वेगळं आहे. हॉलचं फॉल्स सिलिंग ६४ हजार, त्यानं डिझाइन आणि रेट व्हॉट्सॲपवर टाकला, तुम्ही अंगठा टाकलात आणि खाली "ओके करा" लिहिलंत. आता तुम्ही म्हणता मी फक्त बघितलं म्हणून अंगठा टाकला होता. ताई, आमच्या आजीचा अंगठा कागदावर उठायचा, तुमचा मोबाईलवर उठला, एवढाच फरक. हे ६४ हजार द्यावे लागतील. राडारोडा आणि किरकोळ म्हणून ५० हजार लावलेत, ते अजिबात नाही, एस्टिमेटच्या पहिल्याच आयटममध्ये "तोडफोड, राडारोडा उचलून नेण्यासह" असं त्यानंच लिहिलंय.

राहिलं बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, ७२ हजार. इथे मला तुम्हाला थोडं जपून सांगायचंय. टाइल्स काढल्यावर खालच्या मजल्यावर पाणी झिरपतंय असं कळलं, त्यानं मिस्टरांना फोन केला, मिस्टर म्हणाले "जे करायचं ते नीट करा", रेट काही बोलले नाहीत. लेखी काही नाही. पण काम झालंय आणि त्याचा फायदा तुम्ही घेणार आहात. करार कायद्याचं कलम ७० अशाच ठिकाणी लागतं, फुकट करायच्या इराद्यानं न केलेलं काम तुम्ही वापरलंत तर त्याचा वाजवी मोबदला द्यावा लागतो. वाजवी म्हणजे तो सांगेल तो नाही, बाजारात त्या कामाला जे पडतं ते, आणि ते दुसऱ्या दोन जणांकडून लेखी कोटेशन घेऊन ठरवता येतं. आत्ता हिशोबापुरते पूर्ण ७२ धरू, वाईटात वाईट काय होईल ते कळतं.

तर ९,२०,००० अधिक ६४,००० अधिक ७२,००० म्हणजे १०,५६,०००, आणि हे सगळं काम पूर्ण झालं असतं तर. त्यातून न झालेलं वजा करा, त्याच्याच एस्टिमेटमधल्या रकमांनी: ट्रॉल्या १,३८,००० आणि वॉर्डरोबची दारं पॉलिशसह ८६,०००. राहिले ८,३२,०००. तुम्ही दिले ७,८०,०००. बाकी ५२ हजार. आणि थांबा, लॅमिनेट एस्टिमेटमध्ये धरलेलं असूनही तुम्ही स्वतः भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाऊन ३८ हजारांचं घेतलंय, पक्कं बिल आहे, तेही वजा जाणार. राहिले १४ हजार. तो मागतोय ६ लाख ५४ हजार ८८०.

आणि हे चौदा हजारसुद्धा मी आत्ता देणार नाही, कारण तुमच्या फोटोंमधला एक फोटो तुम्ही सहज पाठवलाय पण माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. सिंकखालच्या बॉक्सच्या प्लायचा. एस्टिमेटमध्ये किचनसाठी "मरीन प्लाय, आयएस ७१०" लिहिलंय, म्हणजे ओलाव्यात टिकणारा, आणि फोटोत प्लायवर छापलेला शिक्का झूम करून बघितला तर आयएस ३०३ दिसतंय. तो सर्वसाधारण वापराचा प्लाय. हॉलमधल्या टीव्ही युनिटला चालून जाईल, सिंकखाली ओलाव्यात त्याचा काय भरवसा. हलक्या मालाचे भारी पैसे घेतले तर ग्राहक कायद्यात ती सेवेतली त्रुटी होते, नुसती फरकाची रक्कम नाही तर बदलून देण्याचा खर्चही मागता येतो.

आता मिस्टरांची चारशे वीस. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिथे फसवणूक कलम ३१८ मध्ये गेली, नाव सगळे अजून चारशे वीसच घेतात. पण फसवणूक ठरायला सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे दिसावं लागतं, सुप्रीम कोर्टानं हे वारंवार सांगितलंय, आणि ज्यानं चार महिने माणसं लावून तीन चतुर्थांश काम केलं त्याच्याबद्दल ते दाखवणं अवघड. चौकीत "हे दिवाणी स्वरूपाचं आहे" एवढं ऐकून परत याल. तो माणसं पाठवून दमदाटी करायला लागला तर गोष्ट वेगळी, तेव्हा ११२ लावा. महारेराचंही कुणीतरी सुचवलंय तुम्हाला, ते बिल्डरसाठी, इंटिरियरवाल्यासाठी नाही.

तुमची जागा ग्राहक आयोग. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तुम्ही पुण्यात राहता म्हणून पुण्यातच दाखल करता येतं. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, म्हणजे तुम्हाला दोनशे. ऑनलाइन होतं, वकील लावलाच पाहिजे असंही नाही (हे लिहिताना आमच्या कोर्टाच्या बाररूममधले वकील माझ्याकडे बघतायत). मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं २०१९ चा ग्राहक कायदा म्हणतो, पण त्या भरवशावर राहू नका, प्रत्यक्षात जास्त लागतो.

आणि म्हणूनच केस लागेपर्यंत नणंदेकडे राहायचं नाही. कायदाही तेच म्हणतो, करार कायद्याचं कलम ७३, नुकसान कमी करण्यासाठी तुम्ही वाजवी प्रयत्न करायला हवेत, घर रिकामं ठेवून भाड्याचा आणि मनस्तापाचा आकडा वाढवत बसलात तर तो सगळा मिळत नाही. दुसरा माणूस लावा, मात्र त्यानं एक खिळा ठोकायच्या आधी आहे तशा कामाची मोजणी झाली पाहिजे. एखादा आर्किटेक्ट किंवा व्हॅल्युअर बोलवा, त्याच्याकडून प्रत्येक आयटमचं मोजमाप, किती झालं किती राहिलं, प्लाय कुठला, असा सही-शिक्क्याचा रिपोर्ट घ्या. त्याचे जे काही पैसे जातील ते जाऊ द्या. कॉन्ट्रॅक्टरलाही तारीख-वेळ कळवून हजर राहायला सांगा, नाही आला तर नाही आला, बोलावलं होतं हे महत्त्वाचं. माझ्याकडे अशा केसेस घेऊन लोक येतात तेव्हा घर चकाचक पूर्ण झालेलं असतं आणि मग पहिल्यानं किती केलं दुसऱ्यानं किती केलं हे देवालाच माहीत.

किल्ली त्याच्याकडे आहे म्हणता. घर तुमचं आहे, कुलूप बदला, पण आत पडलेला त्याचा कटर, ड्रिल, उरलेला प्लाय याची व्हिडिओसकट यादी करा आणि "अमुक तारखेपर्यंत घेऊन जा" असं लिहून पाठवा. पैशांसाठी त्याचं सामान अडवून ठेवू नका, मग तोच चौकीत जाईल. तुमचं लॅमिनेट त्याच्या वर्कशॉपला आहे ते त्याला पाठवायच्या नोटीशीत बिलाची कॉपी लावून मागा.

नोटीस स्पीड पोस्टनं, शिवाय व्हॉट्सॲप आणि ईमेलवर, पंधरा दिवसांची. त्यात शिव्याशाप नको, वरचा हिशोब जसाच्या तसा टाका. चॅटमधलं एकही अक्षर डिलीट करू नका, दीड लाख कॅशची पावती नाही म्हणून तुम्ही घाबरलाय पण त्याच संध्याकाळी त्यानं "दीड मिळाले, थँक्यू मॅडम" लिहिलंय ना, तीच पावती. स्क्रीनशॉटसोबत ते कुठल्या फोनमधून घेतले हे सांगणारं, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडायचं असतं, त्यामुळे चॅट असलेला तो फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

नव्या माणसाशी बोलताना उरलेल्या कामाचं बजेट करा आणि त्याच्यावर दहा-पंधरा टक्के बाजूला ठेवा, जुन्या बिल्डिंगमध्ये भिंत फोडली की आतून काय निघेल सांगता येत नाही, तुमचं वॉटरप्रूफिंग त्यातलंच. पैसे तारखेला द्यायचे नाहीत, टप्पा झाला की द्यायचे, आणि शेवटचे दहा टक्के ट्रॉल्या महिनाभर वापरून झाल्यावर. जादा काम निघालं तर आधी रेट लिहून, मग हातोडा. करार साध्या कागदावरही होतो, पण स्टॅम्पवर करणार असाल तर १०० चा आणू नका, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा लागतो.

एक राहिलं. ड्राय बाल्कनीची भिंत काढून किचनमध्ये घेतलीय असं एका फोटोत दिसतंय, तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. सोसायटीची लेखी परवानगी होती का, आणि ती भिंत नुसती विटांची होती की त्यात कॉलम-बीमचं काही होतं, हे त्या आर्किटेक्टला आधी विचारा. ते प्रकरण निघालं तर नोटीस कॉन्ट्रॅक्टरला नाही, तुम्हाला येणार, आणि मग मला परत लिहावं लागेल.

आणि प्लायचा तो फोटो पुन्हा काढा, दिवसाच्या उजेडात, शिक्का आणि सिंक दोन्ही एकाच फ्रेममध्ये येतील असा.