अनॉमली स्कॅनमध्ये बाळाचं हृदय नॉर्मल होतं, मग ३१व्या आठवड्यात फीटल इको कशासाठी?

तुम्ही लिहिलंय की बाळाची वाढ मागे पडलीय, डॉक्टरांनी फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी) सांगितला आणि तेव्हापासून घरात 'हृदयाला छिद्र आहे का' हाच विषय. एवढ्यासाठी दिंडोरीहून परत नाशिकला यायचं का, असंही विचारलंय. मी नाशिकमध्ये गर्भवतींची सोनोग्राफी करते. नक्की या, पण छिद्राची धास्ती घेऊन नको.

अनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाच्या अवयवांत दोष आहे का ते बघणारी सोनोग्राफी; त्यात हृदयाची रचना बघतात. ती इकोतही पुन्हा बघतीलच, पण या वेळी खरा प्रश्न त्या हृदयाच्या कामाचा आहे. बाळ लहान राहतं तेव्हा कारण बऱ्याचदा वारेत असतं. तिथल्या रक्तवाहिन्या नीट मोकळ्या नसल्या की बाळाच्या हृदयाला जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागतं. तुमच्याकडे ठिबकच्या नळ्या चोकअप झाल्यावर मोटरवर लोड येतो, तसं.

असं हृदय लगेच थकत नाही. आधी त्याचा आकार गोलसर होतो. आकुंचन बराच काळ ठीक राहतं, म्हणून रिपोर्टमध्ये 'पंपिंग नॉर्मल' लिहिलेलं असलं तरी तेवढ्यावर चित्र पूर्ण होत नाही. बिघाड आधी दिसतो तो ठोक्यानंतर स्नायू सैल होण्यात. मिनिटाला १४० ठोके धरले तर एक ठोका सुमारे ४३० मिलिसेकंदांचा. त्यात एक झडप मिटून दुसरी उघडेपर्यंतचा हा सैल होण्याचा वेळ निरोगी बाळात जेमतेम ३५ मिलिसेकंद! डॉपलरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) तो मोजता येतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. अशाच वेळा जुळवून 'टेई इंडेक्स' हा हृदयाच्या कामाचा आकडा काढतात. तो साधारण ०.३५ ते ०.४ असतो आणि हृदयावर ताण आला की वाढतो.

मात्र इतकं बारीक मोजमाप मशीन आणि हात बदलला की थोडं बदलतंच. त्या एका आकड्यावर बाळंतपण ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. तो निर्णय नाळेतल्या धमनीचा डॉपलर, सीटीजी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख) आणि यकृतातून जाणाऱ्या डक्टस व्हिनोसस या छोट्या शिरेवरून घेतात. कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा) आकुंचन पावते त्या क्षणी या शिरेतला प्रवाह थांबला किंवा उलटा फिरला, तर हृदय फार दबावाखाली आहे.

शक्यतो दर वेळी एकाच ठिकाणी तपासणी करा. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी सोबत आणाच, कारण तारखा चुकलेल्या असल्या तर व्यवस्थित वाढणारं बाळही लहान भासतं. उपाशी यायची गरज नाही. बाळाची पाठ वर असेल तर थोडं चालून यायला सांगतील, तेव्हा वेळ काढून या.

आणि मधल्या काळात बाळाची हालचाल कमी वाटली, तर इकोच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा.