तुम्ही विचारलंत : ‘एक्स-मेन’चा शेवटचा सीझन असा विस्कटलेला का?

‘एक्स-मेन ’९७’ ही नवी मालिका पाहून अनेक वाचक १९९२ ते १९९७ या काळातल्या मूळ कार्टून मालिकेकडे वळले आहेत. एक्स-मेन म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेल्या ‘म्यूटंट’ वीरांचा चमू. पाच सीझन, ७६ भाग. पत्रं मात्र जवळजवळ सगळी पाचव्या सीझनबद्दलच आली, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. उत्तरांत कथा उघड होते. तुमचे भाग पाहायचे राहिले असतील तर हे पान तूर्त दुमडून ठेवा.

पाचव्या सीझनमध्ये जीन गेली म्हणून सायक्लॉप्स एक्स-मेन सोडून निघून जातो. पण चौथ्या सीझनमध्ये तर त्या दोघांचं लग्न लागतं! मधले भाग माझ्याकडून सुटले का? — एक वाचक, कोथरूड

तुमच्याकडून काही सुटलेलं नाही, सुटलं ते वाहिनीकडून. तुम्ही म्हणता तो भाग ‘नो म्यूटंट इज अॅन आयलंड’. त्याची खरी जागा तिसऱ्या सीझनमध्ये, ‘फिनिक्स सागा’चे पाच भाग संपल्यावर लगेच. त्या काळी पटकथा आणि स्टोरीबोर्ड अमेरिकेत होत, आवाज कॅनडात टोरोंटोला ध्वनिमुद्रित होत आणि प्रत्यक्ष रेखाटन कोरियातल्या एकॉम स्टुडिओत होई. तिथून आलेल्या भागात चुका सापडल्या की तो दुरुस्तीला परत जाई, आणि प्रक्षेपणाचा शनिवार कोणासाठी थांबत नसे. जो भाग हाताशी तयार असेल तो लागे. हा भाग असा रखडत रखडत १९९६ मध्ये दिसला, तोवर कथा फार पुढे निघून गेली होती.

दुसरं कारण हिशेबाचं आहे. मूळ बेत ६५ भागांचा होता. आठवड्याचे पाच दिवस आणि तेरा आठवडे यांचा गुणाकार ६५ येतो. तेवढा साठा असला की मालिका रोज लावून पुन्हा पुन्हा फिरवता येते, म्हणून अमेरिकी कार्टूनवाल्यांचा हा ठरलेला आकडा. ‘बियॉन्ड गुड अँड ईव्हिल’ ही चार भागांची कथा मालिकेचा शेवट म्हणूनच लिहिली होती. नंतर आणखी भागांची मागणी आली. म्हणून पाचव्या सीझनच्या १४ भागांकडे एक सलग कथा म्हणून पाहूच नका. काही रखडलेले आणि काही वाढवलेले भाग एका दोरीत बांधले आहेत, इतकंच.

आमच्या मते क्रम असा लावावा. ‘नो म्यूटंट…’ हा ‘फिनिक्स सागा’ आणि ‘डार्क फिनिक्स’ यांच्या मध्ये घ्या. ‘लाँगशॉट’ही असाच रखडलेला; दुसऱ्या सीझनमधला ‘मोजोव्हिजन’ पाहून झाला असला की तो कुठेही चालतो. ‘अ डील विथ द डेव्हिल’मध्ये खलनायक ओमेगा रेड परत येतो, त्यामुळे आधी ‘रेड डॉन’ हवा. ‘ब्लडलाइन्स’च्या आधी ‘नाइटक्रॉलर’ हवा. ‘द फिफ्थ हॉर्समन’ मात्र ‘सँक्चुअरी’चे दोन आणि ‘बियॉन्ड गुड अँड ईव्हिल’चे चार भाग पाहिल्याशिवाय लावू नका. तो कॉर्टेझ कोण आणि खलनायक अपोकॅलिप्स शरीराविना का भटकतोय, हे त्याशिवाय कळत नाही. ‘फॅलँक्स कव्हनंट’ आणि ‘स्टॉर्म फ्रंट’ या जोड्या त्यानंतर कधीही. सगळ्यात शेवटी ‘डिसेंट’ आणि मग ‘ग्रॅज्युएशन डे’.

शेवटच्या काही भागांत सगळ्यांचे चेहरे बदललेत. वुल्व्हरिन ओळखू येतो तो कपड्यांवरून! पैसे वाचवले का? — एक वाचक, नवी पेठ

हो, वाचवले, पण नुसतं एवढंच म्हणणं अपुरं आहे. शेवटच्या सहा भागांचं काम एकॉमकडून फिलिपाइन अॅनिमेशन स्टुडिओकडे गेलं. मार्व्हलची आर्थिक घडी तेव्हा पार विस्कटली होती. डिसेंबर १९९६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्जच केला. ‘ओल्ड सोल्जर्स’, ‘हिडन अजेंडाज’, ‘डिसेंट’ आणि ‘ग्रॅज्युएशन डे’ हे त्या सहांतले.

आता रेषेचं गणित पाहा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी पळतो. टीव्हीच्या कार्टूनमध्ये एक चित्र साधारणपणे दोन चौकटी ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. २२ मिनिटांच्या भागात ती जागा भरते १५,८४० वेळा. स्थिर दृश्यं आणि पुन्हा वापरलेल्या हालचाली वजा केल्या तरी हजारो चित्रं हाताने काढावी लागतात. वुल्व्हरिनच्या दंडावर स्नायूच्या चार रेषा जास्त असतील तर त्या प्रत्येक चित्रात चार जास्त, आणि शिवाय प्रत्येक चित्रात जागच्या जागी राहायला हव्यात. नाही राहिल्या तर दंड वळवळल्यासारखा दिसतो. आधीच्या सीझनमध्ये हेच व्हायचं : स्थिर चित्र देखणं, हलायला लागलं की डळमळीत. शेवटच्या भागांत रेषा आणि सावल्या कमी केल्या, त्यामुळे चेहरे अनोळखी झाले, पण हालचाल पुष्कळदा आधीपेक्षा सुबक आहे. ‘डिसेंट’ची कथा घडते व्हिक्टोरियन काळातल्या लंडनमध्ये, तिला ही मऊ रेषा शोभतेसुद्धा. ‘ओल्ड सोल्जर्स’मध्ये कॅप्टन अमेरिका आणि दुसरं महायुद्ध आहे, तिथे मात्र जुना राकटपणा हवा होता असं राहून राहून वाटतं.

पात्र ‘मॉडेलबाहेर’ जातं म्हणजे नेमकं काय होतं? हे घरी करून समजून घेता येईल का? — चित्रकलेचा विद्यार्थी, टिळक रस्ता

मॉडेलबाहेर जाणं म्हणजे पात्राचं रूप त्याच्या ठरलेल्या नमुन्यापासून भरकटणं. आणि घरी करून पाहता येईल, तेही एका संध्याकाळीत. साहित्य फार लागत नाही. अप्पा बळवंत चौकातून ए-फोर कागद, दोन भोकांचं पंच आणि फायलीत असते ती दोन पात्यांची पत्र्याची क्लिप आणा. क्लिप पुठ्ठ्यावर चिकटवा, कागद पंच करून तिच्यात अडकवा. सगळे कागद एकाच जागी बसले पाहिजेत, सगळा खेळ त्यावर आहे. खालून उजेडासाठी जाड काचेखाली मोबाइलची बॅटरी चालेल.

एक डोकं समोरून बाजूला वळवायचं. चित्रं १३. आधी मुख्य तीन काढा : १ (समोर), ७ (पाऊण), १३ (बाजू). सातव्या चित्रात हनुवटी किंचित खाली घ्या, नाहीतर डोकं गरगरत्या भोपळ्यासारखं फिरतं. मग मधली ४ आणि १०. उरलेली आठ सगळ्यात शेवटी. मोबाइल स्टँडवर घट्ट बसवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा (नाही केलं तर प्रत्येक चित्राचा उजेड वेगळा येऊन लुकलुक दिसते) आणि स्टॉप-मोशनचं कुठलंही अॅप सेकंदाला १२ चित्रांवर लावा. एका सेकंदाची हालचाल तयार.

आता मुद्दाम चूक करा. दुसरं चित्र पहिल्यावरून गिरवा, तिसरं दुसऱ्यावरून, चौथं तिसऱ्यावरून. तेराव्यापर्यंत जबडा कुठल्या कुठे गेलेला असेल. प्रत्येक वेळी केसभर चूक होते आणि ती पुढच्या चित्राला वारशाने मिळते. उपाय एकच : मधलं चित्र काढताना दोन्ही बाजूंची मुख्य चित्रं खाली हवीत आणि शेजारी मॉडेल शीट हवी. डोक्याच्या उंचीला एकक मानून शरीर किती डोकी उंच, डोळ्यांची रेष कुठे, नाकाचं टोक कानाच्या कुठल्या भागाशी येतं, हे सगळं त्या शीटवर मोजून लिहिलेलं असतं. समुद्रापलीकडच्या स्टुडिओला पटकथा लिहिणाऱ्यांपाशी बसता येत नाही, त्याच्यासाठी ही शीटच शिक्षक. स्टुडिओ बदलला की हात बदलतात, आणि शीट तीच असली तरी रेषेचं वळण बदलतं.

नव्या टीव्हीवर सगळे बुटके आणि रुंद दिसतात. शिवाय हालचाल तेल लावल्यासारखी गुळगुळीत. टीव्ही बिघडलाय का? — एक वाचक, हडपसर

टीव्ही ठीक आहे, तो नको तेवढा हुशार आहे. मालिका ४:३ चौकटीत बनली, तुमचा पडदा १६:९. चित्र ताणून पडदा भरला की माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात. झूम केलं तर प्रमाण नीट राहतं, पण उंचीचा पाव भाग कापला जातो. दोन्ही नको. चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये पेन ड्राइव्ह किंवा डीव्हीडी असेल तर ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. अॅपवरून पाहताना काळ्या पट्ट्या चित्रातच येतात, तिथे ‘१६:९’ ठेवून झूम बंद करा. पडताळा सोपा : पात्रांच्या कमरेच्या पट्ट्यावरच्या ‘एक्स’भोवतीचं वर्तुळ समोरून दिसेल तेव्हा चित्र थांबवा आणि पट्टीने मोजा. ते लंबगोल निघालं तर सेटिंग चुकलं. ४३ इंची टीव्हीवर खरं चित्र ३५ इंची टीव्हीएवढंच दिसेल, त्याला इलाज नाही.

तेलकटपणा येतो तो मोशन स्मूदिंगमुळे. कंपनीप्रमाणे नाव वेगळं : ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस. दोन चित्रांमध्ये टीव्ही स्वतःच्या मनाने चित्रं घालतो. क्रिकेटला ते चालून जातं. सेकंदाला १२ चित्रं असलेल्या कार्टूनमध्ये वुल्व्हरिनची नखं वितळल्यासारखी दिसतात. पूर्ण बंद करा. शार्पनेसही उतरवा, नाहीतर काळ्या रेषांभोवती पांढरी कड उमटते.

बहिणीने अमेरिकेहून डीव्हीडी आणल्या, पण प्लेअर घेत नाही. — एक वाचक, औंध

रिजनचा घोळ, म्हणजे डीव्हीडी कुठल्या देशांत चालावी यासाठी ठरवलेल्या विभाग-क्रमांकाचा. अमेरिकेच्या डीव्हीडी रिजन १, भारतातले प्लेअर रिजन ५. रिजन-फ्री प्लेअर मिळत असेल तर तोच सरळ मार्ग. संगणकाच्या ड्राइव्हला रिजन बदलायची मुभा सहसा पाचच वेळा असते, पाचव्यानंतर तो आहे त्या रिजनवर कायमचा अडकतो. तेव्हा ‘बदलू का?’ या खिडकीत सवयीने ‘हो’ दाबत बसू नका. चित्रात हलत्या कडांवर कंगव्यासारखे दाते दिसले तर प्लेअरमध्ये डीइंटरलेसिंग (अर्धचौकटी जोडून पूर्ण चित्र करणं) चालू करा. २४ चौकटी अमेरिकी टीव्हीच्या ६० अर्धचौकटींत बसवताना एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवतात, दाते त्यातून येतात.

गॅम्बिटचा आवाज शेवटी वेगळा वाटतो. की माझे कान? — एक वाचक, कसबा पेठ

कान शाबूत आहेत. ख्रिस पॉटर यांच्या जागी शेवटच्या भागांत टोनी डॅनियल्स आले. ‘’९७’मध्ये पॉटर परतले आहेत, पण केबलच्या आवाजात. मूळच्या जीन, कॅथरिन डिशर, तिथे व्हॅलरी कूपर झाल्या आहेत. वुल्व्हरिन (कॅल डॉड), रोग (लेनोर झॅन) आणि बीस्ट (जॉर्ज बुझा) मात्र तेच.

मुलगा आठ वर्षांचा आहे. शेवटचा सीझन त्याला दाखवू का? — एक आई, सिंहगड रस्ता

सगळा सरसकट नको. ‘जुबिलीज फेअरीटेल थिएटर’पासून सुरुवात करा : गुहेत अडकलेल्या मुलांना जुबिली परीकथा सांगते आणि तिच्यात एक्स-मेनच राजवाड्यातली पात्रं होतात. मागचं काही माहीत नसलं तरी अडत नाही. ‘हिडन अजेंडाज’ही चालेल. ‘ब्लडलाइन्स’मध्ये आईने टाकलेल्या मुलाची गोष्ट आहे, तो सोबत बसून पाहा, प्रश्न येतील आणि यावेतही. ‘डिसेंट’ दोन-तीन वर्षं थांबू द्या, त्यात माणसांवर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ आहे आणि भाग सरळसरळ भीतीदायक आहे.

‘ग्रॅज्युएशन डे’ दाखवा, पण झोपायच्या आधी नको. भर सभेत म्यूटंटद्वेष्टा गायरिच एक्स-मेनचे गुरू प्रोफेसर झेवियर यांच्यावर हल्ला करतो, प्रोफेसर अंथरुणाला खिळतात, युद्धाच्या तयारीत असलेला त्यांचा जुना मित्र आणि प्रतिस्पर्धी मॅग्नेटो ते टाकून मित्राच्या उशाशी येतो. शेवटी प्रोफेसर एकेकाचा निरोप घेतात. मूल ‘ते मेले का?’ असं विचारणारच. उत्तर : नाही, सम्राज्ञी लिलांड्रा त्यांना उपचारांसाठी दूरच्या शिआर साम्राज्यात घेऊन जाते. रेखाटन सगळ्यात गरीब असलेल्या भागांपैकी हा एक, तरी मालिकेचा शेवट म्हणून आम्हाला हाच पटतो. ‘बियॉन्ड गुड अँड ईव्हिल’चा चार भागांचा भव्य शेवट खलनायकाचा होता, हा शिक्षकाचा आहे.

‘’९७’ पाहायच्या आधी ७६ भाग पाहायला वेळ नाही. एकाच रविवारात काय उरकू? — एक वाचक, विमाननगर

नऊ भाग, सव्वातीन तास. ‘नाइट ऑफ द सेंटिनल्स’चे दोन (मॉर्फचं काय झालं), ‘स्लेव्ह आयलंड’ (जिनोशा बेटाची ओळख, ही चुकवू नका), ‘टिल डेथ डू अस पार्ट’चे दोन (मॉर्फ आणि खलनायक सिनिस्टर), ‘सँक्चुअरी’चे दोन (मॅग्नेटो), मग ‘डिसेंट’ आणि ‘ग्रॅज्युएशन डे’. जेवण ‘सँक्चुअरी’च्या आधी उरका, ते दोन भाग सलग पाहायचे आहेत.

एक विसंगती आधीच सांगून ठेवतो. ‘’९७’ सुरू होते साधारण वर्षभरानंतर, आणि तिथे जग झेवियरला मेलेला मानतं, जरी आपण त्याला जिवंत जाताना पाहिलेलं असतं. सुरुवातीला अडखळायला होतं. सहाव्या भागापर्यंत धीर धरा. पहिल्या सीझनचे भाग दहा आहेत. दहाव्याची श्रेयनामावली सुरू झाली की रिमोट उचलू नका, तिच्या मध्येच एक दृश्य आहे.